बाजारातले मासे, पोटातले प्लास्टिक: १४० माशांच्या तपासणीचे प्रकरण

७६ पैकी २१ आणि ६४ पैकी १६. तपासलेल्या माशांपैकी इतक्यांच्या पोटात माणसाचा कचरा निघाला, आणि या प्रकरणाचा सगळा गाभा या दोन जोड्यांत आहे. पहिली जोडी इंडोनेशियाच्या मकासर शहरातल्या पाओतेरे मासळी बाजाराची, दुसरी कॅलिफोर्नियात हाफ मून बे परिसरात विकल्या जाणाऱ्या माशांची. मासे २०१४ मध्ये घेतले आणि निष्कर्ष सप्टेंबर २०१५ मध्ये ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’ या नियतकालिकात आले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस केंद्रातल्या चेल्सी रॉचमन, सुसान विल्यम्स, स्वी तेह आणि मकासरच्या हसनुद्दीन विद्यापीठातले अकबर ताहिर हे या कामातले प्रमुख संशोधक. टक्क्यांत मांडले तर एकीकडे २८, दुसरीकडे २५. बातम्यांत ते ‘बाजारातल्या चौथाई माशांच्या पोटात माणसाचा कचरा’ असे गेले.

वाक्य खरे आहे, पण अर्धेच. दोन्ही आकडे जवळपास सारखे आले तरी दोन्हीकडच्या माशांच्या पोटातली वस्तू वेगळी होती, आणि बाजारातले मासे तपासणाऱ्याने शिकण्यासारखे सगळे त्या फरकात दडलेले आहे.

काय केले, काय मोजले

कामाची रीत साधी होती आणि हीच तिची ताकद. लोक खाण्यासाठी घेतात तेच मासे घेतले. प्रत्येकाचा पचनमार्ग, म्हणजे घशापासून गुदद्वारापर्यंतची नळी, काढून घेतला. त्याच्या आकारमानाच्या तिप्पट १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे द्रावण त्यावर ओतले आणि रात्रभर ६० अंश सेल्सिअसला ठेवले. मांस, आतडी, अर्धवट पचलेले खाद्य या द्रावणात विरघळते, बहुतेक प्लास्टिक टिकते. उरलेला गाळ विच्छेदन सूक्ष्मदर्शकाखाली पाहून तुकडे वेचले.

या पद्धतीला अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक कण विश्वासाने सापडत नाहीत. सूक्ष्मप्लास्टिकची रूढ व्याख्या ५ मिलिमीटरपेक्षा लहान, ती खाली १ मायक्रॉनपर्यंत जाते. म्हणजे १ ते ५००० मायक्रॉनच्या पट्ट्यातला ५०० च्या खालचा सगळा भाग या मोजणीच्या बाहेर राहिला. बारीक कण संख्येने सहसा जास्त असतात, त्यामुळे २८ टक्के हा खालचा अंदाज समजावा. उरलेल्या ७२ टक्के माशांना ‘स्वच्छ’ म्हणता येत नाही. त्यांच्यात अर्ध्या मिलिमीटरहून मोठे काही दिसले नाही, इतकेच म्हणता येते.

दोन बाजारांतला खरा फरक

मकासरच्या ७६ माशांतून १०५ तुकडे निघाले आणि ते सगळे प्लास्टिकचे होते. त्यांत कडक तुकडे सर्वांत जास्त, त्याखालोखाल थर्मोकोलसारखा फेसाळ प्लास्टिकचा भुगा, आणि अगदी थोडे पातळ पापुद्रे व मासेमारीची दोरी. कॅलिफोर्नियाच्या ६४ माशांतून ३० तुकडे निघाले आणि त्यांत बहुसंख्य तंतू होते, कापडातून सुटतात तसे. सोबत घेतलेल्या १२ कालवांपैकी ४ मध्येही तंतूच मुख्य.

संशोधकांनी दिलेले स्पष्टीकरण पटण्यासारखे आहे. मकासरच्या किनाऱ्यावर कचरा गोळा करण्याची सोय अपुरी, त्यामुळे प्लास्टिक थेट किनाऱ्यावर व पाण्यात जाते, उन्हाने ठिसूळ होते, लाटांनी फुटते. कॅलिफोर्नियात कचरा उचलला जातो, पण कपडे यंत्रात धुतले जातात. ते पाणी दोनशेहून अधिक सांडपाणी केंद्रांतून प्रक्रिया होऊन समुद्राकडे जाते, आणि बारीक तंतू प्रक्रियेतूनही निसटतात. हे स्पष्टीकरण अनुमानाच्या पातळीवरचे आहे. कोणत्याही एका तुकड्याचा माग त्याच्या उगमापर्यंत काढलेला नाही. तरी उपाय ठरवणाऱ्यासाठी ते मोलाचे आहे. ज्या बाजारातल्या माशांत कडक तुकडे निघतात तिथे कचरा गोळा करण्यावर पैसा लावायला हवा, आणि जिथे तंतू निघतात तिथे सांडपाण्याच्या गाळणीवर. टक्केवारी पाहून यातले काहीच ठरवता आले नसते.

सरासरीचेही तसेच. मकासरला दर माशी १.४ तुकडे, कॅलिफोर्नियात ०.५. पण मकासरमधल्या ५५ माशांत एकही नव्हता आणि एका माशात २१ होते. म्हणजे एकूण मोजणीचा पाचवा हिस्सा एकाच पोटातून आला. ज्यांच्यात सापडले त्या २१ माशांची सरासरी काढली तर ती ५ येते. अशी वाटणी असताना नुसती ‘दर माशी १.४’ छापणे दिशाभूल करणारे आहे. किती माशांत सापडले, सापडले त्यांत किती आणि सर्वाधिक किती, हे तिन्ही आकडे एकत्र द्यावेत.

जातवार वाचताना होणारी चूक

मकासरच्या ११ जातींपैकी ६ मध्ये कचरा मिळाला. बांगड्याच्या ९ पैकी ५ माशांत, लहान हेरिंगच्या १० पैकी ४ मध्ये, स्कॅड या लहान माशाच्या एका जातीत १७ पैकी ५ मध्ये. स्किपजॅक ट्यूनाच्या ९ पैकी एकातही नाही, टिलापियाच्या ५ पैकी एकातही नाही.

इथे वाचणाऱ्याचा हात लगेच ‘ट्यूना खा, बांगडा टाळा’ या वाक्याकडे जातो. हिशेब करून पाहू. ट्यूनांच्या मोठ्या साठ्यात समजा खरोखर २८ टक्के मासे दूषित असतील. तर लागोपाठ ९ मासे कोरे निघण्याची शक्यता ०.७२ चा नववा घात, म्हणजे साधारण ५ टक्के. म्हणून ९ पैकी शून्य या निकालाशी २८ टक्क्यांपर्यंतचे प्रदूषण सुसंगत आहे, आणि नेमकी तीच तर सगळ्या माशांची सरासरी होती. टिलापियाच्या ५ पैकी शून्यवरून ४५ टक्क्यांपर्यंत काहीही असू शकते. बांगड्याच्या ९ पैकी ५ ला ९५ टक्के विश्वासमर्यादा लावली तर खरा आकडा २१ ते ८६ च्या मध्ये कुठेही बसतो. दोन बाजारांच्या एकूण आकड्यांचेही तेच: मकासर १९ ते ३९ टक्के, कॅलिफोर्निया १६ ते ३७ टक्के. या दोन पट्ट्यांत फरक शोधू नये.

जातीबद्दल काही ठाम म्हणायचे असेल तर एका जातीचे किती मासे लागतात? प्रदूषण ५ टक्के माशांत असेल आणि निदान एक तरी दूषित मासा सापडण्याची ९५ टक्के खात्री हवी असेल, तर ५९. बाजारातून दहा-दहा मासे उचलून जातींची तुलना करणाऱ्या कामांचा पाया इथेच कच्चा राहतो. पैसा थोडा असेल तर जाती कमी कराव्यात, माशांची संख्या कमी करू नये. दहा जातींचे सहा-सहा मासे कापण्यापेक्षा एका जातीचे साठ कापलेले बरे.

तंतू माशाचा की प्रयोगशाळेचा

या प्रकारच्या कामातला सर्वांत अवघड प्रश्न हा. कडक निळा तुकडा हवेतून उडत येऊन नमुन्यात पडण्याचा संभव कमी. तंतू मात्र सतत पडत असतो: अंगातल्या कपड्यातून, पडद्यातून, टॉवेलातून, वातानुकूलन यंत्राच्या झोतातून. शिवाय सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारा निळा तंतू पॉलिएस्टरचा असेल किंवा रंगवलेल्या सुताचा, डोळ्याने ते ठरत नाही. मकासर-कॅलिफोर्नियाच्या अहवालाने ‘प्लास्टिक’ असा सरसकट शब्द न वापरता ‘मानवनिर्मित कचरा’ म्हटले, त्यामागे हीच सावधगिरी आहे. या शब्दनिवडीचे आम्हाला मनापासून कौतुक वाटते. बातमीत मात्र तो शब्द टिकला नाही.

उपाय एकच, आणि तो कष्टाचा आहे: कोरे नमुने. माशाशिवाय तेच भांडे, तेच द्रावण, तोच वेळ, तेच गाळणे. दर दहा माशांमागे एक, आणि एकूण दहापेक्षा कमी नकोत. त्यांचा हिशेब कसा लावायचा ते एका धरून चाललेल्या उदाहरणाने पाहा. समजा दहा कोऱ्या नमुन्यांत अनुक्रमे २, १, ३, २, ०, २, १, ४, ३, २ तंतू निघाले. सरासरी २, प्रमाण विचलन साधारण १.१५. शोधमर्यादा म्हणजे सरासरी अधिक तीन प्रमाण विचलने, ती आली ५.५. आता ज्या माशात ३ तंतू निघाले त्याच्यापुढे ‘३’ लिहिता येत नाही, ‘३ वजा २ म्हणजे १’ असेही लिहिता येत नाही. ‘शोधमर्यादेखाली’ एवढेच लिहायचे. सहा किंवा जास्त तंतू निघाले तरच माशाबद्दल काही म्हणता येते. बऱ्याच प्रयोगशाळांचे तंतूंचे आकडे या चाळणीतून गेल्यावर जवळपास नाहीसे होतील. म्हणूनच ही चाळणी टाळली जाते, आणि म्हणूनच ती लावायला हवी.

हिशेब रंग व आकारवार वेगळा करावा. कोऱ्यात निळे तंतूच पडत असतील तर माशातल्या लाल तुकड्यांवर त्याची सावली पडू नये.

आज हेच काम पुन्हा करायचे तर

बाजारात मासा घेताना तो कुठे, कशावर, किती वेळ पडून होता याची नोंद घ्यावी. प्लास्टिकचे क्रेट, ताडपत्री, थर्मोकोलची पेटी आणि तिच्यातला बर्फ, यांपैकी कशाशीही मासा घासलेला असतो. थर्मोकोलचे मणी कल्ल्यांत आणि तोंडात अडकतात. म्हणून त्या पेटीचा एक तुकडा, ताडपत्रीचा एक धागा आणि थोडा बर्फ वितळवून घेतलेले पाणी हेही नमुने म्हणून सोबत न्यावेत. पुढे माशात तसेच काही सापडले तर तुलना करता येते. मासा ॲल्युमिनियमच्या कागदात गुंडाळावा, प्लास्टिकच्या पिशवीत नको. जाळ्यात अडकलेला मासा तडफडताना जाळ्याचे धागे गिळू शकतो, त्यामुळे विक्रेत्याला मासा कोणत्या जाळ्याने पकडला हेही विचारावे.

पोट फुटलेला मासा घेऊ नये. लहान तेलकट मासे बर्फाविना काही तासांत पोटाशी मऊ होऊन फाटतात आणि आतला ऐवज बाहेर येतो, बाहेरचा आत जातो. आणल्यावर लगेच कापायचा नसेल तर उणे २० अंशांवर ठेवावा.

कापण्यापूर्वी मासा गाळलेल्या पाण्याने बाहेरून, तोंडातून आणि कल्ल्यांतून धुवावा. लांबी आणि वजन लिहावे. पचनमार्गाची दोन्ही टोके दोऱ्याऐवजी धातूच्या चिमट्याने बंद करून नळी अखंड बाहेर काढावी व वजन करावे. काम काचेच्या आणि स्टीलच्या भांड्यांत, अंगात गडद एकरंगी सुती झगा. झग्याचा रंग असा घ्यावा की तो तंतू नमुन्यात पडला तर ओळखू येईल. पांढरा झगा या कामाला वाईट, कारण पांढरा तंतू गाळणीवर दिसत नाही.

द्रावण करताना १०० ग्रॅम पोटॅशियम हायड्रॉक्साइड थंड ऊर्ध्वपातित पाण्यात थोडे थोडे घालावे. क्रम उलटा करू नये, कारण उष्णता जोरात सुटते आणि उडालेला थेंब डोळा घालवू शकतो. चष्मा आणि हातमोजे अनिवार्य. एक लिटर पूर्ण करून काचतंतूच्या गाळणीतून गाळावे. १० ग्रॅमच्या पचनमार्गाला ३० मिलिलिटर पुरते, पण मासा तेलकट असेल किंवा पोट भरलेले असेल तर जास्त घ्यावे.

तापमानाबद्दल आमचे मत २०१५ च्या पद्धतीपेक्षा वेगळे आहे. ६० अंशांवर काम रात्रीत उरकते, पण क्षारामुळे (म्हणजे पोटॅशियम हायड्रॉक्साइडमुळे) पॉलिएस्टर आणि काही इतर प्लास्टिकना धक्का पोहोचतो, रंगही उडू शकतो. ४० अंशांवर दोन ते चार दिवस ठेवणे सुरक्षित. घाई म्हणून नायट्रिक आम्ल वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की ते नायलॉन विरघळवते, आणि बरीच जाळी व दोऱ्या नायलॉनच्याच असतात. म्हणजे ज्याच्या शोधात निघालो तेच पुसले गेले.

या टप्प्यावर बिघडणाऱ्या गोष्टी ठरलेल्या आहेत. भांड्यावर झाकण म्हणून ॲल्युमिनियमचा कागद लावला आणि द्रावण त्याला लागले तर कागद विरघळतो आणि हायड्रोजन सुटतो, म्हणून काचेचे झाकण घ्यावे. घासलेल्या काचेचे बूच क्षाराने चिकटून बसते, ते नको. माशातील चरबीचा क्षाराशी साबण होतो आणि गाळणी तुंबते. अशा वेळी द्रावण कोमट असतानाच गाळावे आणि कोमट ऊर्ध्वपातित पाण्याने भरपूर धुवावे. नळाचे जड पाणी वापरले तर कॅल्शियमचा न विरघळणारा साबण तयार होतो आणि तो पुढे वेगळीच फसवणूक करतो, ती खाली येतेच. सेल्युलोज नायट्रेटची किंवा पॉलिकार्बोनेटची गाळणी क्षारात टिकत नाही. स्टीलची जाळी किंवा काचतंतू वापरावा.

हाडे, खवले, वाळू आणि कोळंबीची सालपटे क्षारात विरघळत नाहीत. गाळ जास्त उरला तर घनतेने वेगळे करावे लागते. मिठाच्या संपृक्त द्रावणाची घनता १.२, त्यात पॉलिइथिलीन (०.९१ ते ०.९७), पॉलिप्रॉपिलीन (०.९०), पॉलिस्टायरीन (१.०५) आणि नायलॉन (१.१४) तरंगतात, पण पॉलिएस्टर आणि पीव्हीसी (दोन्ही सुमारे १.३८) बुडतात. कापडाचे तंतू शोधायचे असतील तर मीठ चालणार नाही. सोडियम आयोडाइड किंवा झिंक क्लोराइडने १.५ च्या वर जावे लागते. झिंक क्लोराइड घालण्यापूर्वी गाळातला क्षार पूर्ण धुतलेला हवा, नाहीतर झिंक हायड्रॉक्साइडचा पांढरा साका बसतो आणि सगळा नमुना त्यात गडप होतो.

पद्धत किती गोळा करते हे तपासायला ओळखू येतील असे रंगीत कण, समजा दहा पॉलिइथिलीनचे आणि दहा पॉलिएस्टरचे, काही नमुन्यांत मुद्दाम टाकून शेवटी किती परत मिळाले ते मोजावे. वीसपैकी सोळापेक्षा कमी मिळाले तर माशांची मोजणी थांबवून कुठे गळते ते शोधावे. बहुधा भांड्याच्या भिंतीला चिकटलेले सापडतात.

ओळख पटवणे

गरम सुई लावून वितळते का पाहणे ही पहिली चाचणी, मोठ्या तुकड्यांपुरती. अवरक्त वर्णपटमापनाने (कण कोणता अवरक्त प्रकाश शोषतो त्यावरून तो कशाचा हे ओळखण्याची रीत) सूक्ष्मदर्शकाच्या जोडीने सुमारे १० ते २० मायक्रॉनपर्यंत आणि रामन पद्धतीने (कणावरून विखुरलेल्या लेसर प्रकाशावरून ओळख) सुमारे १ मायक्रॉनपर्यंतचे कण ओळखता येतात. रामनला गडद रंग त्रास देतो: निळ्या तंतूचा वर्णपट काढला तर प्लास्टिकच्या ऐवजी रंगद्रव्यच उत्तर देते. नाइल रेड या रंगाने कण चमकवण्याची स्वस्त रीत माशांत फसते, कारण चरबी आणि सालपटेही चमकतात.

सर्वांत गोड फसवणूक पॉलिइथिलीनच्या नावाने होते. एकवेळच्या हातमोज्यांवर साच्यातून सुटण्यासाठी स्टिअरेट (साबणाच्या जातीचा पदार्थ) लावलेले असते. त्याचा वर्णपट पॉलिइथिलीनसारखा दिसतो, आणि जड पाण्याने बनलेल्या कॅल्शियम साबणाचाही. संगणकाने जुळणी ‘पॉलिइथिलीन’ दाखवली तरी वर्णपटात १५४० ते १५८० प्रति सेंटीमीटरच्या आसपास कार्बोक्सिलेटचे (साबणात असणाऱ्या, पॉलिइथिलीनमध्ये नसणाऱ्या अणुगटाचे) शिखर आहे का ते डोळ्याने पाहावे. असेल तर तो साबण किंवा हातमोजा. या एका तपासणीने अहवालातले पॉलिइथिलीन निम्म्यावर आले तर आश्चर्य मानू नये.

खाणाऱ्यापर्यंत काय पोहोचते

मकासर-कॅलिफोर्नियाच्या तपासणीत पचनमार्ग पाहिला, मांस पाहिले नाही. सापडलेले तुकडे आतड्याच्या भिंतीतून आरपार जाण्याइतके लहान नव्हते. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१६ च्या निवेदनानुसार १५० मायक्रॉनपेक्षा मोठे कण शरीरात शोषले जाण्याचा संभव नाही, त्याखालच्या कणांतलेही फार तर ०.३ टक्के शोषले जातील, आणि अवयवांत खोलवर पोहोचण्याची शक्यता १.५ मायक्रॉनपेक्षा लहान कणांपुरती. मासा साफ करून आतडी टाकली की मोजलेले प्लास्टिक जवळपास सगळे आतड्यांबरोबर जाते.

अपवाद दोन आहेत आणि तेच बाजारासाठी महत्त्वाचे. आतड्यांसकट खाल्ले जाणारे बोटभर लांबीचे मासे, आणि कालवे-शिंपले. मकासरच्या लहान हेरिंगमध्ये १० पैकी ४, कालवांत १२ पैकी ४: माशाच्या पोटातले सारे थेट माणसाच्या पोटात. त्याच युरोपीय निवेदनात शिंपल्यांसाठी अंदाज दिला आहे तो २२५ ग्रॅमच्या एका वाढणीत ९०० कण, वजनाने ७ मायक्रोग्रॅम प्लास्टिक. नऊशे हा शब्द घाबरवतो, सात मायक्रोग्रॅम धीर देतो. दोन्ही एकाच ताटाचे वर्णन आहे, म्हणून अहवालात संख्या आणि वजन शेजारी शेजारी असावे.

बाजाराच्या अहवालात मग एवढे स्तंभ पुरेत: माशाची जात, संख्या, लांबी, किती माशांत सापडले व विश्वासमर्यादा, सापडले त्यांत किती, सर्वाधिक किती, कणाचा प्रकार आणि रंग, पद्धतीला दिसणारा सर्वांत लहान आकार, कोऱ्या नमुन्यांची संख्या आणि त्यांतून आलेली शोधमर्यादा, किती कणांची ओळख वर्णपटाने पटली, पेटी, ताडपत्री आणि बर्फाशी तुलना झाली का, आणि हा मासा लोक आतड्यांसकट खातात का.